घरातल्या दिव्यांचं आणि मोटारीचं ॲप: अँड्रॉइड, आयफोन की फ्लटर?

प्रश्न खानापूरकडच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे. ईएसपी३२ ह्या वाय-फायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चार रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडून घरातले दिवे, फॅन आणि संपवरची (जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवरची) मोटार चालवणारं सर्किट तयार झालंय, टेबलावर चालतंय. आता फोनवरचं ॲप करायचंय आणि जमलं तर मामांच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून बेळगाव-निपाणीकडे विकायचंयही. विचारणं एवढंच, की ॲप अँड्रॉइडसाठी करू, आयफोनसाठी करू, फ्लटर (एकदाच लिहून दोन्ही फोनांवर चालणारं ॲप करायचं साधन) शिकून दोन्हीसाठी एकदम करू, की ॲपच्या भानगडीत न पडता वेबपेजवर भागवू?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. अँड्रॉइड. कोटलिन (अँड्रॉइड ॲप लिहायची भाषा) थोडंफार येत असेल तर कोटलिनमध्येच लिहा. शून्यापासूनच शिकायचं असेल तर फ्लटर घ्या, पण पहिले दहा-वीस बोर्ड विकले जाईपर्यंत बिल्ड फक्त अँड्रॉइडचं काढा. आयफोनवाल्यांची सोय दुसऱ्या वाटेनं होते, ती पुढे सांगतो. पण ह्या सगळ्याच्या आधी एक ठरवा: तुमच्या यंत्रणेतली अक्कल फोनात किती ठेवायची आणि बोर्डात किती? ते नीट ठरलं की प्लॅटफॉर्मचा प्रश्न निम्मा हलका होतो.

माझ्या मते फोनात काहीच ठेवू नये. फोन म्हणजे बटणं आणि स्थिती दाखवणारा पडदा, बस्स. उदाहरण मोटारीचंच घेऊ, कारण आपल्याकडे गिऱ्हाईक रंगीत दिव्यांसाठी पैसे काढत नाही, मोटारीसाठी काढतं. बेळगावच्या काही भागांत २००८च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं, पण बाकी पुष्कळ गल्ल्यांत वॉल्व उघडेल तेव्हाच पाणी. ते संपमध्ये साठवायचं आणि मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. म्हणजे गिऱ्हाइकाची पहिली मागणी 'पहाटे साडेपाचला मोटार लागू दे आणि टाकी भरली की आपोआप बंद पडू दे' हीच असणार.

हे साडेपाचचं टायमर ॲपमध्ये लिहायचा मोह होतो, कारण तिथे लिहिणं सोपं. लिहू नका. २०१५च्या अँड्रॉइड ६ पासून 'डोझ' आहे: फोन चार्जिंगला नाही, हलत नाही, स्क्रीन बंद आहे असं दिसलं की सिस्टीम मागची कामं लांबणीवर टाकते. अँड्रॉइड १२ पासून नेमक्या वेळेच्या अलार्मला वेगळी परवानगी लागते. वर काही कंपन्यांचे स्वस्तातले फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली ॲपच मारून टाकतात. आयफोनवर तर मागच्या मागे हवं तेव्हा काही चालवण्याचा विचारच सोडा. आणि फोन साडेपाचला घरात असेलच कशावरून? मालक त्या वेळी पुण्याच्या बसमध्ये असतो.

टायमर बोर्डात ठेवलं की पुढचा प्रश्न येतो वेळेचा. ईएसपी३२ इंटरनेटवरून वेळ घेतो. लाईट जाऊन आली की बोर्ड दोन-तीन सेकंदांत उठतो, राउटरला मिनिट-दीड मिनिट लागतं, आणि फायबरवाल्याच्या खांबावरच्या डब्यालाच करंट नसेल तर इंटरनेट तासभर येत नाही. तोवर बोर्डाच्या हिशेबी १९७० साल चालू असतं, कारण त्याचं घड्याळ तिथूनच सुरू होतं. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबी भागात हे रोजचंच. म्हणून डीएस३२३१ हे घड्याळाचं छोटं मॉड्यूल सेलसकट बोर्डावर बसवाच. फार महाग नाही, आणि त्याच्याविना 'ऑटोमॅटिक' ह्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आता एक बारीक गोष्ट, पण हिच्यापायी मोटार जळते. फोन आणि बोर्ड यांच्यात बोलणं एमक्यूटीटीनं करणार असाल (करावंच, १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवायला निघालेली ही पद्धत तुटक्या नेटवर्कसाठीच बनली आहे), तर त्यात संदेश 'रिटेन' करायची सोय आहे. म्हणजे शेवटचा संदेश ब्रोकर (संदेश इकडून तिकडे पोचवणारा मधला सर्व्हर) जपून ठेवतो आणि नवीन कोणी जोडला गेला की त्याच्या हातात देतो. सोयीचं वाटतं म्हणून मुलं सगळेच संदेश रिटेन करून टाकतात. मग काय होतं बघा. सकाळी आईनं ॲपवरून मोटार चालू केली. टाकी भरली, फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) उचलला गेला, बोर्डानं स्वतःच मोटार बंद केली. ब्रोकरकडे मात्र शेवटचा हुकूम 'चालू' हाच पडून आहे. संध्याकाळी करंट गेला, आला. बोर्ड परत जोडला गेला, ब्रोकरनं इमानेइतबारे 'चालू' हातात ठेवलं आणि रिकाम्या संपवर मोटार फिरायला लागली. घरात कोणी नसेल तर पंपाचं सील गेलंच समजा. अनगोळमधल्या एका बंगल्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. बोर्ड कोणाचा होता ते सोडा.

तेव्हा हुकमाचा टॉपिक (संदेशाचा कप्पा) वेगळा, स्थितीचा वेगळा. रिटेन फक्त स्थिती. हुकूम कधीही नाही. शिवाय 'लास्ट विल' लावा, म्हणजे बोर्ड गायब झाला की ब्रोकर तसं सगळ्यांना कळवतो आणि ॲपमधलं बटण राखाडी होतं. मात्र ब्रोकर कीप-अलाइव्हच्या ('मी जिवंत आहे' असं बोर्डानं कळवायच्या मुदतीच्या) दीडपट वेळ वाट बघतो. तुम्ही साठ सेकंद ठेवले असतील तर बोर्ड मेल्याचं कळायला नव्वद लागतील. मोटारीच्या बाबतीत मी हा आकडा बराच कमी ठेवतो. संपमध्येही एक फ्लोट टाका, पाणी नसेल तर हुकूम कोणाचाही असो, बोर्डानं ऐकायचं नाही. आणि बोर्डावरच्या निळ्या रिलेवर दहा अँपिअर लिहिलंय म्हणून त्यातून एक एचपीची मोटार थेट चालवू नका. सुरू होताना ती कितीतरी पट करंट खेचते, काँटॅक्ट चिकटतात आणि मग ॲपमध्ये 'बंद' दिसत असताना मोटार चालूच राहते. मध्ये काँटॅक्टर (मोटारीचा जड करंट झेलणारा मोठा स्विच) घाला. हे मामांना विचारा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

एवढं केलं की ॲपला उरतं काय? चार बटणं, स्थिती, टायमर भरायचा फॉर्म, आणि बोर्डाला घरच्या वाय-फायची ओळख करून देणं. हे शेवटचं काम वरवर क्षुल्लक, पण प्लॅटफॉर्मची खरी परीक्षा तिथेच आहे. पडदे, बटणं, ॲनिमेशन कशातही लिहा, सारखंच. अडतं ते ह्या पहिल्या जोडणीत.

जुनी पद्धत अशी: नवीन बोर्ड स्वतःचं वाय-फाय उघडतो, फोन त्याला जोडायचा, ॲपमध्ये घरच्या राउटरचं नाव-पासवर्ड भरायचं. अँड्रॉइडवर इथे गंमत होते. फोन त्या वाय-फायला जोडला जातो, पण त्यावर इंटरनेट नाही हे त्याला लगेच कळतं आणि तो गुपचूप सगळी वाहतूक मोबाइल डेटावरून पाठवू लागतो. वर वाय-फायची खूण दिसतेय, ॲप बोर्डाला हाका मारतंय, आणि त्या हाका मोबाइल टॉवरकडे चालल्यात. वायरमन तिथे उभा राहून फोन विमान मोडमध्ये टाकून बघतो, मग चालतं, आणि तो म्हणतो, "ॲपच बोगस." उपाय कोटलिनमध्ये आहे: अँड्रॉइड १० पासून 'वायफाय नेटवर्क स्पेसिफायर'नं ॲप स्वतःच त्या वाय-फायला जोडून घेतं आणि आपली वाहतूक त्या नेटवर्कला बांधून टाकतं. जुन्या फोनांसाठी वेगळी वाट लिहावी लागते. शिवाय अँड्रॉइड ९ पासून साधं (कुलूप नसलेलं) एचटीटीपी बाय डीफॉल्ट अडवलं जातं, आणि तुमचा बोर्ड तर साधं एचटीटीपीच बोलतो. त्याला सूट देणारी फाइल ॲपमध्ये घालावी लागते.

नवी आणि बरी पद्धत ब्लूटूथची. ईएसपी३२मध्ये ब्लूटूथ आहे (ईएसपी८२६६मध्ये नाही, स्वस्त मिळतो म्हणून तो घेऊ नका), आणि तो बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीनं ह्या कामासाठी अँड्रॉइड आणि आयओएस (आयफोनची सिस्टीम) दोन्हीच्या लायब्ऱ्या, नमुन्याच्या ॲपसकट, खुल्या ठेवल्यात. तिथूनच सुरुवात करा. इथे अडचण परवानग्यांची. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथवर बोर्ड शोधायला लोकेशनची परवानगी लागते, फोनचं लोकेशन चालूही असावं लागतं. गिऱ्हाईक विचारतं, "दिवा लावायला माझं लोकेशन कशाला हवं ओ तुम्हाला?" बरोबरच आहे त्याचं. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथची वेगळी परवानगी आली आणि हे सुटलं, पण घरातल्या थोरल्यांच्या हातात मुलाचा जुना फोन असतो, त्यावर १० किंवा ११च असतं. परवानगी मागायच्या आधी पडद्यावर दोन ओळी मराठीत लिहा, कशाला मागतोय ते.

आयफोनवर त्रास वेगळ्या जागी. आयओएस १४ पासून घरच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधायला ॲपला परवानगी घ्यावी लागते. माणसानं सवयीनं 'नको' दाबलं, की बोर्ड सापडत नाही आणि ॲपला सरळ कारणही कळत नाही. नुसतं शोधत बसतं. यूडीपी ब्रॉडकास्ट करून (नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम हाक मारून) शोधायचं म्हटलं तर ॲपलकडून खास मंजुरी लागते. बोंजूरनं (ॲपलच्या उपकरणं शोधायच्या पद्धतीनं) शोधलं तर ती लागत नाही, फक्त आधी जाहीर करावं लागतं. कुठल्याही फोनवर एक चूक मात्र सारखीच: ईएसपी३२ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येतं. राउटरची दोन नावं असली आणि गिऱ्हाइकानं '५जी' शेपटीचं नाव निवडलं, तर जोडणी होणारच नाही. ॲपनं ते तिथल्या तिथे सांगावं.

म्हणून फ्लटरबद्दल माझं मत काठावरचं आहे. पडदे एकदाच लिहून दोन्हीकडे चालतात, ते खरं. पण वर सांगितलेली जोडणी दोन्हीकडे वेगळीच असते. ती कोणीतरी लिहिलेल्या प्लगइनवर सोडली, तर गुगलनं काही बदललं की त्या प्लगइनवाल्याला सवड कधी होईल याची वाट बघत बसायचं; आणि प्ले स्टोअर दरवर्षी नवीन अँड्रॉइड आवृत्तीशी जुळवून घ्यायला लावतंच. नाहीतर ती जोडणी स्वतः कोटलिन आणि स्विफ्टमध्ये (आयफोन ॲपची भाषा) लिहून फ्लटरला जोडायची. म्हणजे एका भाषेपासून सुटका म्हणून निघालात आणि फ्लटरची धरून तीन भाषांत येऊन पोचलात. चार माणसांची टीम असेल तर चालेल. एकट्यानं पहिलं ॲप करताना मी कोटलिन म्हणेन. रिॲक्ट नेटिव्ह ह्या फ्लटरसारख्याच साधनालाही हेच लागू, म्हणून त्यावर वेगळं लिहीत नाही.

आता आयफोनवाले. भारतात शंभरातले नव्वदहून जास्त फोन अँड्रॉइडचे आहेत, हे सगळे सांगतात. पण तुमच्या गिऱ्हाइकांत तेच प्रमाण धरू नका. टिळकवाडी-हिंदवाडीतला डॉक्टर, बेंगळूरला नोकरी करणारा आणि गावी आईवडिलांसाठी यंत्रणा बसवून देणारा मुलगा, यांच्या हातात आयफोन असायची शक्यता बरीच. पैसे तो देतो, रोज वापरते आई, आणि आईच्या हातात आठ-दहा हजारांचा अँड्रॉइड. दोघांपैकी एकाचंही अडलं तर बोर्ड विकला जात नाही. तरीही मी अँड्रॉइडच आधी म्हणतो, कारण मुलाला दिवसातून एकदा 'टाकी भरली का' एवढंच बघायचं असतं, आणि ते वेबपेजवर होतं.

ते वेबपेज असं. घरात असताना बोर्ड स्वतःच एक साधं पान दाखवतो, सफारीत पत्ता टाकला की बटणं दिसतात. घराबाहेरून बघायचं तर पान तुमच्या सर्व्हरवर एचटीटीपीएसनं (कुलूपबंद जोडणीनं) ठेवायचं, आणि ते वेबसॉकेटवरून (ब्राउझरच्या सतत उघड्या जोडणीवरून) त्याच एमक्यूटीटी ब्रोकरशी बोलेल. राउटरवर पोर्ट उघडून बाहेरून थेट आत शिरायचा नाद करू नका. एक तर असुरक्षित, आणि दुसरं, आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवतात, तिथे ते चालतही नाही. बोर्डानंच आतून बाहेर ब्रोकरला जोडून घ्यायचं, तेही टीएलएसवर (कुलूपबंद), आणि प्रत्येक बोर्डाचा पासवर्ड वेगळा. मग सगळ्यांनाच वेबपेज का देऊ नये? कारण एचटीटीपीएसवरचं पान घरातल्या साध्या एचटीटीपीच्या बोर्डाशी सहसा बोलू शकत नाही, ब्राउझर अडवतो. म्हणजे इंटरनेट गेलं की बाहेरचं पान बंद, आतल्या पानाचा आकडी पत्ता आईला पाठ नाही. ॲप हे दोन्ही रस्ते आतल्या आत बदलतं: घरात असेल तर थेट बोर्ड, नसेल तर ब्रोकर. ॲप करण्याचं माझ्या दृष्टीनं मुख्य कारण हेच.

मॅटर ह्या घरगुती स्मार्ट उपकरणांच्या सामायिक भाषेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२२ साली पहिली आवृत्ती आली, आणि बोर्ड मॅटर बोलत असेल तर ॲपल आणि गुगल दोघांच्याही तयार ॲपमध्ये तो दिसतो, वेगळं ॲप लिहावंच लागत नाही. ईएसपी३२वर ते चालतंही. पण अधिकृत प्रमाणपत्राचा खर्च लहान दुकानदाराला झेपणारा नाही, आणि संप-मोटार-फ्लोट असली आपली गोष्ट त्या ॲपच्या साच्यात नीट बसत नाही. शिकायला करून बघा, विकायला नको. भरपूर पैसे घालणारं गिऱ्हाईक आलंच, तर रास्पबेरी पाय ह्या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे घर चालवायचं तयार सॉफ्टवेअर टाकून द्या. त्याची अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीची ॲपं आयती आहेत, आणि तुमचा एमक्यूटीटीवाला बोर्ड त्यात सहज बसतो.

भाषेकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्या, मागाहून घालू म्हटलं की राहतंच. आपल्याकडे एकाच घरात सासू मराठी वाचते, गोकाककडची सून कन्नड, आणि नातू इंग्रजी. एकाच ॲपची प्रत्येक फोनवर वेगळी भाषा हवी, आणि ती फोनच्या भाषेवर अवलंबून नको, कारण पुष्कळांचा फोन इंग्रजीतच असतो. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवायची सोय सिस्टीममध्येच आहे. त्याआधीच्या फोनांसाठी ॲपमध्ये भाषेचं बटण द्या. बटणांची उंची इंग्रजी अक्षरांवर ठरवू नका. मराठीत वरच्या मात्रा कापल्या जातात आणि कन्नडमध्ये खालची जोडाक्षरं. 'मोटर चालू' आणि 'ಮೋಟಾರ್'सारख्या शब्दांची लांबीही सारखी नसते, तेव्हा लिहिण्याबरोबर चित्रही ठेवा. आवाजाच्या स्पीकरवर भर देऊ नका, तिथे अजून इंग्रजी आणि हिंदीचीच चलती आहे. फोनवरच्या गुगल असिस्टंटला मराठी आणि कन्नड दोन्ही कळतं.

शेतवडीतल्या मोटारीसाठी हेच ॲप चालेल का, असं कोणीतरी विचारणारच. नाही. तिथे वाय-फाय नाही, थ्री-फेज हेस्कॉम (इथली वीज कंपनी) देईल त्या वेळी, बरेचदा रात्री. तिथे सिमकार्डवाला स्टार्टरच बरा, एसएमएस किंवा मिस्ड कॉलवर चालणारा. करायचाच झाला तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा: सिम८०० सारखं जुनं मॉड्यूल २जीचं आहे, त्यात जिओचं सिम चालणार नाही, आणि ॲपला स्वतःहून एसएमएस पाठवायची परवानगी प्ले स्टोअर सहसा देत नाही. मजकूर भरून एसएमएसची खिडकी उघडून द्या, 'पाठवा' रयतानंच दाबावं.

राहता राहिला पैशाचा आणि कागदाचा हिशेब. गुगलचं डेव्हलपर खातं एकदाच २५ डॉलर. ॲपलचं दरवर्षी ९९ डॉलर, वर मॅक लागतो. फ्लटरवाले सांगतील की बिल्ड ऑनलाइन काढता येतं, मॅक नको. बिल्ड निघतं हो, पण आयफोनवर बोर्ड का सापडत नाही हे शोधायला समोर मॅक नसेल तर डोकं धरून बसाल. त्या पैशांत चार वेगवेगळे जुने अँड्रॉइड फोन येतात, तेवढे आधी घ्या. आणि आत्ताच एक काम करून ठेवा: नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक गुगल खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मित्रांना नुसतं नाव नोंदवायला लावू नका, ज्यांच्या घरी बोर्ड बसवलाय त्यांनाच घ्या, चाचणीही खरी होईल. मामांच्या दुकानाची रीतसर नोंदणी असेल तर दुकानाच्या नावानं संस्थेचं खातं काढा. त्याला ही अट नाही, पण डी-यू-एन-एस नंबर (संस्थेचा ओळख क्रमांक) लागतो आणि तो यायला वेळ जातो. अर्ज ह्याच आठवड्यात टाका, नंबर येईपर्यंत ब्लूटूथची जोडणी लिहून होईल.